निळी आई

गणपतीच्या आधी आमच्या सौभाग्यवतींनी फोनवर पाहून एक साडी मागवली. फोनवर ती आमसुली दिसत होती. आमसुली म्हणजे नुसती लाल नव्हे. रातांब्याचे साल रस पिऊन पिऊन आणि ऊन खाऊन खाऊन जो काळपट किरमिजी रंग धरते, तो. कोकणातल्या बाईला ह्या रंगाच्या बाबतीत फसवणे सोपे नाही. चार दिवसांनी पुडके आले, सोडले, तर आत साडी निघाली ती चक्क वांगी रंगाची.

"तुम्ही ड्रॉइंगमास्तर ना? मग सांगा," सौभाग्यवती म्हणाल्या, "खरा रंग कुठला? हा, का फोनातला?"

मी साडी खिडकीपाशी नेली, स्वयंपाकघरातल्या पांढऱ्या दिव्याखाली नेली, मग ओटीवर नेली. तिन्ही ठिकाणी तिने मला तीन रंग दाखवले. शेजारणीच्या फोनवर तीच साडी पाहिली, तर तिथे ती डाळिंबी! शेवटी साडी परत गेली. प्रश्न मात्र घरातच राहिला. आणि माझ्यापुरते बोलायचे तर तो गेली पाच वर्षे माझ्या घरात ठाण मांडून बसलेलाच होता. साडीने फक्त त्याच्या अंगावरचे पांघरूण ओढले.

काचेतल्या रंगाने मला पहिल्यांदा चकवले ते शाळकरी वयात. आपल्याकडे दूरदर्शन रंगीत झाले ते १९८२ साली, दिल्लीच्या आशियाई खेळांच्या निमित्ताने. मुंबई केंद्र त्यापूर्वी दहा वर्षे, म्हणजे २ ऑक्टोबर १९७२ पासून, काळ्या-पांढऱ्या चित्रांवर सुखाने संसार करीत होते. पण आमच्या रेवदंड्याकडच्या आळीत रंगीत संच यायला आणखी सात-आठ वर्षे लागली. तो आला एका मुंबईकराच्या घरी, आणि संध्याकाळी अर्धी आळी त्यांच्या माजघरात जमू लागली. शाळेच्या कपाटातला एक नालाच्या आकाराचा चुंबक त्या दिवशी माझ्या खिशात होता. तो तिथे कसा आला हे कृपा करून विचारू नये. बातम्या चालू होत्या. मी पुढे बसलो होतो. सहज म्हणून चुंबक काचेजवळ नेला आणि बातम्या देणाऱ्या बाईंचा अर्धा चेहरा जांभळा, अर्धा हिरवा झाला. घाबरून चुंबक खिशात घातला; पण रंग काही माघारी आले नाहीत. पुढे चार दिवस त्या पडद्यावर जो कोणी डाव्या कोपऱ्याकडे गेला, मग तो मंत्री असो की फलंदाज, तो हिरवा होऊनच परतला.

अलिबागेहून कारागीर आला. त्याने तारांचे एक मोठे कडे विजेला जोडले आणि आरती ओवाळावी तसे काचेसमोर गोल गोल फिरवीत हळूहळू मागे मागे गेला. रंग जागच्या जागी आले! जमलेल्या बायांनी हातच जोडायचे बाकी ठेवले. मग चहा पिताना त्याने सांगितले की, काचेच्या आत बारीक भोकांचा एक पोलादी पत्रा असतो. मागून तीन बंदुका नेम धरून मारा करतात. एकीने लाल ठिपके पेटवायचे, दुसरीने हिरवे, तिसरीने निळे. पत्र्याला चुंबक लागला की नेम चुकतो आणि लालाच्या घरी निळा जाऊन बसतो.

"चुंबकाची कटकट लहान नसते," तो म्हणाला. "आमच्या अलिबागेत एवढ्यासाठीच अख्खी वेधशाळा आली."

ते खरेच आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी होत असे. मुंबईच्या ट्राम घोड्यांऐवजी विजेवर चालवायचे घाटू लागले, तेव्हा तिथल्या शास्त्रज्ञांना धास्ती पडली. विजेच्या प्रवाहाने त्यांच्या सुया थरथरल्या तर मोजायचे काय? म्हणून त्यांनी समुद्र ओलांडला आणि १९०४ साली अलिबागेस, चुंबक ज्याला ओढणार नाही असे साहित्य वापरून, नवी वेधशाळा उभारली. विजेची ट्राम मुंबईत धावली १९०७ साली. सुया तोवर अलीकडे येऊन निवांत झाल्या होत्या. लहानपणी मला ही गोष्ट नुसती गमतीची वाटली. मोजणारा कितीही शहाणा असला तरी आपण कुठे उभे राहून मोजतो आहोत हे त्याने आधी पाहावे लागते, ही तिची बाजू माझ्या ध्यानात यायला फार उशीर झाला. तेच सांगायला बसलो आहे.

आता ते खोक्यासारखे संच गेले, बंदुका गेल्या, चुंबकाची भीतीही गेली. फोनच्या सपाट काचेत रंग कसा होतो हे पाहायचे असेल तर पावसात भिजत उभे राहून फोन उघडावा. काचेवर जो थेंब पडतो तो भिंगाचे काम करतो, आणि पांढऱ्या पडद्यावर त्याच्या आत लाल, हिरवे, निळे दाणे स्वच्छ दिसतात. सारे जग ह्या तीन दाण्यांत. आम्ही वर्गात शिकवतो की पिवळा आणि निळा मिळून हिरवा होतो. कागदावर ते खरे आहे. काचेत पिवळा उजेड आणि निळा उजेड मिळाले तर पांढरा होतो! तीस वर्षांपूर्वी हे कोणी मला सांगितले असते तर मी त्याला एलिमेंटरीच्या परीक्षेला बसू दिले नसते.

मनुष्याच्या डोळ्याला कोणता रंग कसा दिसतो याचे जे माप आज जगभरच्या पडद्यांना लावतात ते १९३१ सालचे आहे. राइट आणि गिल्ड ह्या दोघा इंग्रजांनी वेगवेगळे प्रयोग केले. एकाने दहा जणांचे डोळे तपासले, दुसऱ्याने सात जणांचे. ह्या सतरा विलायती डोळ्यांच्या सरासरीवर आमच्या गावातल्या साड्यांचे रंग आज ठरतात. पण माप असून उपयोग काय? दुकानात पन्नास पडदे ओळीने लावलेले असतात. गिऱ्हाईक त्यातला भडक तेवढा उचलतो. म्हणून कारखानदारही मापापेक्षा चार दाणे जास्तच टाकतो. त्यात उजेड कमी-जास्त करण्याची आपापली हौस, रात्री डोळ्यांना त्रास नको म्हणून पडदा पिवळसर करणारी सोय, आणि दुपारच्या उन्हात हाताचा आडोसा करून पाहणारे आपण.

रंगाशी ही झटापट काही आजची नाही. १९३३ साली प्रभात कंपनीचा 'सैरंध्री' रंगीत काढायचा म्हणून शांतारामबापू तो थेट जर्मनीस घेऊन गेले. एवढा खटाटोप करूनही रंग मनासारखे उतरले नाहीत. चार वर्षांनी, १९३७ साली, आर्देशिर इराणींचा 'किसान कन्या' इथेच रंगून निघाला. पण रंगाचे घोडे पुढे बरीच वर्षे अडखळतच चालले. ह्या थोर लोकांच्या फजितीचा दाखला मी माझ्या समाधानासाठी देतो आहे हे चाणाक्ष वाचकांनी ओळखले असेलच. त्यांचे फसले ते चित्रपट होते. माझे फसले ते एक पोर होते.

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' वादळ आमच्या किनाऱ्यावर आले. त्या दुपारी ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने वारा वाहत होता, असे नंतर कळले. तेव्हा फक्त आवाज कळत होता. चौल, रेवदंडा, मुरूड, खाली श्रीवर्धनपर्यंत नारळी-पोफळीच्या वाड्या झोपल्या. कौले उडाली, पत्रे उडाले, विजेचे खांब वाकले. कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे दिवा लागला नाही. आणि मग पाऊस. जिकडेतिकडे घरांवर निळ्या ताडपत्र्या चढल्या. खाडीकडून पाहिले म्हणजे गाव आहे की भुईवर आलेला समुद्र, असे वाटे.

करोनामुळे शाळा बंदच होत्या. वीज आली, फोनच्या मनोऱ्यांत जीव आला, तसे आम्ही शिक्षक फोनवरून शिकवू लागलो. चित्रकला फोनवर शिकवणे म्हणजे पोहणे पाटावर शिकवणे. तरी मी विषय देई, मुले चित्रे काढीत, फोटो काढून पाठवीत, आणि मी रात्री जेवण झाल्यावर अंथरुणावर पडून ती तपासी. ऑगस्टमध्ये विषय दिला: 'माझे घर'.

कोळीवाड्यातल्या एका मुलाचे चित्र आले. आठवीतला. हात चांगला, बोलणे कमी. चित्रात त्याची आई जाळे घेऊन बसली होती. बैठक छान साधली होती, जाळ्याचा भार मांडीवर कसा पडतो तेही पोराने पाहिले होते. पण आईचा चेहरा निळसर राखाडी! हात तसेच, पाय तसेच. एखाद्या जुन्या तसबिरीतल्या शंकरासारखी ती बाई दिसत होती. त्या रात्री मी चाळीसेक चित्रे पाहून थकलो होतो. पाचजणांनी तर नेटवरचे तेच घर उतरवले होते. मी त्याला लिहिले, "माणसे निळी नसतात. आधी नीट पाहावे, मग रंगवावे."

आणि ते लिहिले सगळ्या वर्गाच्या व्हॉट्सअॅपवर, एकट्या त्याला नव्हे. कोणी हसण्याची चित्रे टाकली. एकाने 'अवतार' असे लिहिले. मी फोन मिटला आणि झोपलो.

त्यानंतरही त्याची चित्रे येत राहिली, अगदी वेळेवर. पण सगळी पेन्सिलीची. मी दोनदा विचारले, रंग का नाही? उत्तर आले नाही. रंग संपले असतील, बिचाऱ्यांकडे कुठून येणार, असे म्हणून मी माझे समाधान करून घेतले. दुसऱ्याच्या गरिबीत आपली चूक लपवायला जागा भरपूर असते.

शाळा मध्येच उघडत, मध्येच मिटत. नीट भरल्या त्या २०२१च्या ऑक्टोबरात. मुलांनी वर्षभराचे कागद आणून दिले. मी व्हरांड्यात टेबल टाकून ते पाहत होतो. सकाळचे दहा वाजले असतील. त्यात तो कागद आला.

आईचा चेहरा तांबूस गव्हाळ होता. हात, पाय, सगळे माणसाच्या रंगाचे. फक्त एका गालावर आणि कपाळाच्या कडेला निळ्याची एक पातळ झाक होती. ती मला ब्रश नीट न धुतल्याची खूण वाटली. मी फोन काढून जुना फोटो शोधला, कागदाशेजारी धरला, आणि माझ्या पोटात खड्डा पडला.

काय झाले असेल ते समजायला मला तेवढा वेळ पुरला. घरावर कौले नव्हती. वर निळी ताडपत्री. त्या ताडपत्रीतून गाळून येणारा उजेड निळा. त्या उजेडात कागद धरून पोराने आईच्या स्वस्तातल्या फोनने फोटो काढला. आपला डोळा मोठा समजूतदार असतो. निळ्या छायेत दहा मिनिटे बसले की तो निळे वजा करून पाहू लागतो. पांढरा कागद त्याला पांढराच दिसतो, आईही आईसारखीच दिसते. म्हणून पोराला काही वावगे वाटले नाही. कॅमेऱ्याला एवढी समजूत नसते. अमुक वस्तू पांढरी असावी असा तो अंदाज बांधतो आणि त्या हिशेबाने बाकीचे रंग लावतो. जिथे उजेडच एका रंगाचा, तिथे त्याचा अंदाज थिटा पडतो. आणि तो थिटा अंदाज, चार ठिकाणी गाळून, माझ्या हातातल्या भडक काचेवर, काळोखात, अंथरुणात आला होता.

पण पोराला 'आधी नीट पाहावे' असे काही काचेने लिहिले नव्हते.

इथे मी काय करायला हवे होते हे सांगण्याची गरज नाही. तो मुलगा दहा पावलांवर वर्गात बसला होता. मी त्याला बोलावले. तो आला, हात मागे बांधून उभा राहिला. मी म्हणालो, "चित्र चांगले आहे." तो म्हणाला, "हो, सर." मी कागद परत दिला. बस्स. सगळ्या वर्गासमोर जे लिहिले ते सगळ्या वर्गासमोर पुसण्याचे धैर्य माझ्याकडे नव्हते. मास्तरकीत वीस वर्षे गेली की माणूस चुकतो, पण चुकलो असे म्हणण्याचा शब्द त्याच्या तोंडातून बाद होतो. मी कादंबऱ्या लिहितो, आणि त्यातली माणसे आडव्या-उभ्या पानावर एकमेकांची क्षमा मागत असतात. ते सारे किती सोपे असते! मुलाने दहावीपर्यंत चित्रकला घेतली, इंटरमिजिएटला बसला नाही, आणि २०२३ साली शाळेतून गेला.

यंदाच्या मे महिन्यात माझ्या पुतणीचे लग्न झाले. हळदीच्या दिवशी मांडव पिवळा, पडदे पिवळे, झेंडू पिवळा, बायका पिवळ्या. महिन्याने चित्रीकरण हाती आले, आणि वहिनी रडकुंडीला आल्या. पोरीच्या अंगाला हळद नव्हे, तांदळाचे पीठ फासल्यासारखे दिसत होते. कॅमेऱ्याने एवढे पिवळे पाहून आपल्याशीच ठरवले असणार की हा उजेडाचा दोष आहे. आणि तो भरून काढायला त्याने सगळीकडे निळे टाकले. कागदावर हळद हिरवी झाली असती. काचेत ती पांढरी पडली. अलिबागच्या ज्या माणसाने चित्रीकरण केले होते त्याला फोन लावला. तो म्हणाला, "रंग दुरुस्त करणारा पोरगा तुमच्याच गावचा आहे हो. त्याच्याकडे बघायचं राहून गेलं. तुम्हीच जाऊन उभे राहा, म्हणजे लवकर करील."

त्याने पत्ता दिला. कोळीवाड्यातला पत्ता होता.

घरावर आता कौलांऐवजी पत्रे होते, पक्के आवळलेले. मागच्या खोलीत तो बसला होता. खिडकीवर घोंगडी ठोकलेली, भिंत करड्या रंगाची. होडीला लावून उरलेला रंग आहे म्हणाला. रंगीत भिंतीसमोर बसले की डोळा भिंतीचा रंग वजा करायला लागतो, म्हणून करडी. मला अलिबागची वेधशाळा आठवली. त्याने मला खुर्ची दिली, आणि स्वतः पत्र्याच्या डब्यावर बसला.

"पडद्यावर विश्वास कसा ठेवतोस?" मी विचारले.

"ठेवत नाही, सर. मोजतो." मुठीत मावेल असे एक काळे यंत्र त्याने दाखवले, अलिबागच्या मालकाचे होते. ते पडद्यावर लोंबते सोडायचे. पडदा एकामागून एक रंग दाखवतो, यंत्र मोजते, आणि पडदा किती चुकतो ते टिपून ठेवते. पांढरा म्हणजे कुठला पांढरा, तर दिवसाच्या उजेडाचा. त्याचे अंश ठरलेले, ६५००. लाल-हिरवे-निळे किती गडद घ्यायचे त्याचेही माप ठरलेले. १९९० साली जगाने ते मान्य केले, त्याला हे लोक 'रेक ७०९' म्हणतात. हे सगळे तो, मी पूर्वी फळ्यावर रंगचक्र काढीत असे तशा सहजपणे सांगत होता. "लोक बघणार फोनवरच, आपापल्या रंगात," तो म्हणाला. "पण निदान इथून निघताना तरी बरोबर निघालं पाहिजे. नाहीतर चुकीत चूक मिळते."

मग त्याने पुतणीचे चित्र लावले. शेजारी एक गोल तबकडी उमटली आणि तिच्यात ठिपके पसरले, ताटलीत पोहे सांडल्यासारखे. तबकडीतून एक तिरकी रेघ गेली होती.

"ही कसली रेघ?"

"कातडीची, सर. माणूस गोरा असू दे, काळा असू दे, कुठल्या मुलखातला असू दे. चेहऱ्याचे ठिपके ह्या रेघेच्या आसपासच पडतात. कमी-जास्त असतो तो उजेड. रंगाची दिशा एकच." हे बोलून तो क्षणभर थांबला. पडद्याकडेच पाहत होता. "माणसं निळी नसतात, हे ह्या रेघेलाही माहीत आहे."

त्याच्या आवाजात कडूपणा नव्हता. असता तर मला बरे वाटले असते.

"तो कागद आहे का रे?" मी विचारले.

"आहे. आईच्या ट्रंकेत."

"माझं चुकलं होतं. शाळेत कागद पाहिला तेव्हाच मला कळलं होतं."

तो बराच वेळ ठिपके सरकवीत राहिला. पुतणीच्या गालावर हळूहळू हळद चढू लागली. मग म्हणाला, "तुम्ही लिहिलंत त्या दिवशी मी फोन आणि कागद शेजारी शेजारी धरले. दोन्ही वेगळे होते. मला वाटलं, फोनच बरोबर असणार. सरांना जे दिसलं तेच खरं. आपल्याला रंग कळत नाही." थोडे थांबून तो म्हणाला, "पण तुमचं अर्धंच चुकलं होतं, सर. गालावरचं निळं मीच लावलं होतं. ताडपत्रीचा उजेड पडायचा ना तिच्या गालावर. तो दिसत होता मला."

ब्रश न धुतल्याची खूण!

तो उठून कागद घेऊन आला. कडा दमटपणाने फुगल्या होत्या, पण रंग टिकले होते. आम्ही तो ओटीवर नेला. कागदाशेजारी त्याने एक करड्या रंगाचा पुठ्ठा ठेवला आणि फोटो काढला. पुठ्ठ्याचा करडा करडाच दिसेपर्यंत बाकीचे रंग हलवायचे, म्हणजे कॅमेऱ्याला अंदाज बांधावा लागत नाही. आत येऊन त्याने चित्र मोठ्या पडद्यावर घेतले. कागद हातात धरून मी एकदा इकडे पाही, एकदा तिकडे. जाळे, हात, गाल, गालावरची निळी झाक. पाच वर्षांपूर्वीचे ते चित्र मी त्या दिवशी तपासले.

बोलता बोलता त्याने धंद्यातली एक गोष्ट सांगितली. रंग बरोबर केला की गिऱ्हाईक खूश होते असे नाही. "नवरी जरा उजळ करा," हे तर ठरलेलेच. नवऱ्याच्या आईला सुद्धा उजळ व्हायचे असते. मी त्याला म्हणालो, हे खूळ आपलेच नव्हे. पूर्वी परदेशात फोटो धुण्याच्या दुकानांत रंग जुळवायला कोडॅकचे नमुन्याचे कार्ड असे आणि त्यावर असे एक गोरी बाई. 'शर्ली' कार्ड म्हणत त्याला. तिचा चेहरा बरोबर आला म्हणजे साऱ्या जगाचे चेहरे बरोबर आले! काळी माणसे त्यात काजळून निघत. पुढे फिल्ममध्ये तपकिरी छटा सुधारल्या. पण कोडॅकमधल्याच माणसाने सांगितले आहे की, आधी तक्रार केली ती लाकडी सामान आणि चॉकलेट विकणाऱ्यांनी, त्यांच्या जाहिरातीत लाकूड लाकडासारखे दिसेना म्हणून. तो खूप हसला. शाळेत असताना मी त्याला हसताना पाहिल्याचे आठवत नाही.

तेवढ्यात त्याची आई चहा घेऊन आली. "सर, साखर चालते ना?" म्हणून कप माझ्या हातात देताना तिचे लक्ष पडद्याकडे गेले. पदराने हात पुशीत ती जवळ आली, वाकून पाहू लागली. मुलाने खुर्ची सरकवली. मी श्वास धरून बसलो. वादळ, ताडपत्री, फाटलेले जाळे, तिला काय काय आठवेल याची मला धास्ती वाटत होती.

"आरं," ती म्हणाली, "येवरी गोरी मी कवा व्हती रं?"

मुलाने पडद्याकडे पाहिले, मग माझ्या हातातल्या कागदाकडे. दोन्ही अगदी जुळत होते. मग त्याने आईकडे पाहिले.

"तेव्हा डबीतला तपकिरी संपत आला होता गं," तो म्हणाला.

"मंग आता कर काळी," ती म्हणाली. "आता नाय ना संपला?"